चिकटपट्टीखालची चौदा कोरी पाने

मित्रांनो, पाने कोरी निघाली म्हणून जिला पुरावा मानायला नकार मिळाला, ती वही मी. जपानमध्ये मला ओकुसुरी तेचो म्हणतात, म्हणजे औषधांची वही. मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते.

टोकियोतल्या ओजिमा भागातल्या एका औषधाच्या दुकानात मी फुकट वाटायच्या गठ्ठ्यात पडून होते. मुखपृष्ठावर एक गुबगुबीत ससा होता. सात वर्षांपूर्वी तिथे कस्तुरी आली. ती पुण्याची, इथल्या एका संशोधन संस्थेत काम करणारी. सांधे सुजले म्हणून डॉक्टरांनी तिला पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. इथे औषधाबरोबर त्याचे नाव, मात्रा आणि तारीख छापलेली चिठ्ठी मिळते आणि ती माझ्या पानावर चिकटवायची असते. दर महिन्याला एक, अशा चौदा चिठ्ठ्या मी अंगावर घेतल्या. दुकानातल्या बाई म्हणायच्या, इतकी नीटनेटकी वही क्वचितच दिसते. मी शेफारून जायचे.

ते श्रेय कस्तुरीच्या नवऱ्याचे, उल्हासचे. वही म्हटली की तिला कव्हर घालायचे, ही त्याची शाळेपासूनची सवय. हळदीचे बोट लागू नये म्हणून त्याने प्रत्येक चिठ्ठीवर पारदर्शक चिकटपट्टी लावली. गोळ्यांची रिकामी पाकिटे मात्र तो अगदी नियमाप्रमाणे प्लॅस्टिकच्या कचऱ्यात टाकायचा.

आठव्या महिन्यात कस्तुरीच्या कानांत शिट्ट्या वाजू लागल्या. डॉक्टर म्हणाले, थकवा असेल, गोळ्या चालू ठेवा. चौदाव्या महिन्यात तिला स्वतःच्या लेकीची, मितालीची हाकही ऐकू येईना. मग गोळ्या बंद झाल्या आणि मी खणात गेले. पुढे कितीतरी वर्षे मला कुणी उघडले नाही.

यंदा बातमी आली, की त्याच गोळ्यांनी बेचाळीस जणांचे कान गेले आहेत आणि त्यांनी मिळून कंपनीवर दावा लावला आहे. कस्तुरीला त्यात सामील व्हायचे होते. उल्हासने मोठ्या अभिमानाने मला त्या बेचाळीस जणांच्या वकील मियाके-सान यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मला उघडले, तर चौदाही चिठ्ठ्या कोऱ्या. दुकानातल्या बिलासारखी ती उष्णतेने उमटवलेली छपाई, चिकटपट्टीच्या गोंदाने सगळी अक्षरे पुसून टाकली होती. हॉस्पिटलने जुने कागद मुदत संपताच नष्ट केले होते. औषधाचे दुकान तर केव्हाच बंद पडले होते.

मियाके-सान यांनी कस्तुरीला कागदावर लिहून दाखवले, की इथे एकाच्या दाव्यात सगळे आपोआप येत नाहीत. गोळी आपण घेतली, हे प्रत्येकाने आपापले सिद्ध करायचे. कंपनीच्या वकिलांनी तर एका ओळीत कळवले, की पुरावा नाही.

उल्हासने मान खाली घातली. कस्तुरीने त्याची हनुवटी वर केली, कारण ओठ दिसल्याशिवाय तिला बोलणे कळत नाही.

"माझ्यामुळे झालं गं हे," तो म्हणाला.

"तू वही जपलीस," ती म्हणाली. "कंपनीवाल्यांनी काय जपलंय, ते आपण विचारू."

आणि त्यांनी बरेच काही जपले होते. कान गेल्याची डॉक्टरांची पत्रे त्यांच्याकडे कस्तुरी आजारी पडण्याच्या दोन वर्षे आधीपासून येत होती. मियाके-सान यांना अशी तीन पत्रे मिळाली आहेत, बाकीची कंपनीच्या कपाटात कुलूपबंद आहेत. त्यांच्यावर कुणी चिकटपट्टी लावलेली नाही. ती अजून लख्ख वाचता येतात!

कस्तुरीने संस्थेकडून आपल्या रजांची यादी मागवली. दवाखान्यासाठी घेतलेली एकेक रजा पाहून तिने प्रत्येक कोऱ्या चिठ्ठीखाली तारीख लिहिली आणि सही केली. मियाके-सान यांनी तिचे नाव त्रेचाळिसावे म्हणून कोर्टात दिले. ते ठेवायचे की नाही, हे न्यायाधीश ठरवतील.

मित्रांनो, औषधाची चिठ्ठी जपा, तिची झेरॉक्स काढून ठेवा, चिकटपट्टी लावू नका. पण एवढे सांगून मी गप्प बसणार नाही. जिचे कान गेले तिनेच पुरावाही सांभाळायचा, आणि गोळी विकणाऱ्यांनी नुसते हात झटकायचे? पुढच्या महिन्यात मी न्यायाधीशांच्या टेबलावर जाणार आहे. त्यांनी माझी कोरी पाने खुशाल उलटून पाहावीत. आणि मग कंपनीला तिची कपाटे उघडायला सांगावे.