पुलाच्या अलीकडचे दोन प्रश्न

प्रश्न पहिला: गेल्या आठवड्यात तुम्ही देशाबाहेर होतात का?

डेट्रॉइटच्या बाजूला पुलाखाली गाडी थांबवून मार्लीन फोनकडे बघत होती. कारखान्यातलं काम सुटल्यापासून तिचं घरभाडं दर आठवड्याला हा अर्ज भरून मिळणाऱ्या बेकारी भत्त्यावरच निघत होतं. आईच्या शस्त्रक्रियेसाठी सहा दिवस ती पलीकडे कॅनडात, बहिणीकडे होती. अर्ज इकडे अमेरिकेतूनच भरावा लागतो, म्हणून तेवढ्यापुरती पूल ओलांडून आली होती.

"आता अमेरिकेत आहेस ना? मग दाब 'नाही'," शेजारी बसलेली बहीण बर्निस म्हणाली.

"अगं बाई, आत्ता कुठे आहे ते नाही विचारलेलं. आणि सीमेच्या नाक्यावर पासपोर्ट तपासलाय माझा."

तिनं 'हो' दाबलं.

प्रश्न दुसरा: त्या दिवसांत काम मिळालं असतं, तर लगेच रुजू झाला असतात का?

"इथे तरी 'हो' म्हण. अर्ध्या तासाचा तर रस्ता! आईजवळ मी होतेच की."

मार्लीननं अंगठा 'हो'वरून बाजूला घेतला. नळ्या लावलेली आई सहाही दिवस तिचं बोट सोडत नव्हती.

"बोलावलं असतं तरी आले नसते गं मी."

'नाही.'

गेल्या आठवड्याचा भत्ता मिळणार नाही, असं पडद्यावर उमटलं.

"ठार वेडी आहेस," बर्निस म्हणाली. "भाड्याचं बघू काहीतरी. वळव गाडी, आईकडे."