ऐंशी कोंबड्या आणि एक खोटं उत्तर

"वहिनी, तुमची अंडी लाजाळू झालीत. बोट लावलं की मिटतात," असं म्हणत समोरचे मास्तर फुटकं अंडं वाटीत घेऊन दारात उभे राहिले. महिन्यातली ही तिसरी वेळ.

"ऊन फार आहे ना मास्तर, टरफलं पातळ होतात," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या हातावर दुसरी दोन अंडी ठेवली.

वहिनी म्हणजे अख्ख्या गल्लीच्या वहिनी. सकाळी वेफरच्या कारखान्यात पाकिटं भरायची, दुपारी घरी येऊन मागच्या शेडमधल्या ऐंशी कोंबड्यांचं बघायचं. फाटकावर त्यांच्या नववीतल्या मुलीने हिरव्या रंगात पाटी रंगवली होती : 'शुद्ध खाद्यावर वाढलेल्या कोंबड्यांची अंडी.' पाटी देखणी होती. खरी मात्र नव्हती.

झालं असं, की कारखान्यात तुटलेल्या वेफरचा चुरा रोज पोत्याने निघायचा. खारट, तेलकट, कुरकुरीत चुरा. वहिनींनी साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले, न्या की, आम्हाला टाकायचाच आहे. अन्न वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात गेलेलं बरं, यात चूक ती काय? पहिल्या दिवशी वहिनींनी मूठभरच घातला. कोंबड्या अशा तुटून पडल्या की दुसऱ्या दिवशी घमेलंभर गेला. महिनाभरात निम्मं खाद्य चुऱ्याचंच झालं.

कोंबड्या घटाघटा पाणी पिऊ लागल्या. वहिनींना वाटलं, तब्येत सुधारली. खालचा भुसा ओला राहू लागला, शेडमध्ये शिरलं की डोळे चुरचुरायचे. अंडी घाणीने माखून यायची. मग वहिनी रोज सकाळी ओल्या फडक्याने एकेक अंडं पुसून ट्रेमध्ये लावायच्या. वरून चकचकीत!

त्या रविवारी सगळे नणंदेकडे गेले. निघताना वहिनींनी चुऱ्याची घमेली काठोकाठ भरली. पाण्याच्या टाकीचा नळ मात्र कचऱ्याने तुंबला होता, ते कुणीच पाहिलं नाही. संध्याकाळी परत येऊन बघतात तर पाण्याची भांडी कोरडी ठक्क, आणि कोंबड्या चोची वासून उभ्या. वहिनींनी धावत जाऊन बादल्या ओतल्या. सकाळी पाच कोंबड्या मरून पडल्या होत्या आणि दहा-बारा पाय लटपटत भिंतीला टेकल्या होत्या.

पशुवैद्य बाई आल्या. एक कोंबडी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काय खायला देता?"

"खाद्य. दुकानातलं."

"आणखी काही? घरातलं उरलंसुरलं, कुठला चुरा, काहीही?"

वहिनींच्या पाठीमागेच, दाराआड, चादर टाकलेलं पोतं होतं. मुलगी पोत्याकडे पाहत होती. फाटकावरची पाटी वहिनींच्या डोळ्यांपुढे आली आणि तोंडातून निघून गेलं, "नाही हो. दुसरं काहीच नाही."

"मग साथ असू शकते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी तपासणीला नमुने पाठवते. निकाल येईपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या कोंडून ठेवा, आणि अंडी कुणी विकू नका."

झालं. साथ म्हटल्यावर ती आणली कुणी, हे शोधायला गल्लीला कितीसा वेळ लागतो? टोकाच्या घरातल्या काकूंनी आठवड्यापूर्वीच सहा नव्या कोंबड्या घेतल्या होत्या. एकट्या बाई, त्या सहा जणींशी दिवसभर गप्पा मारायच्या. "बाजारातून आजारी कोंबड्या आणल्या आणि गल्लीला लावल्या," कुणीतरी म्हणालं. काकू किराणा आणायला गेल्या तर ओट्यावरच्या बायका उठून आत गेल्या.

वहिनी सगळं ऐकत होत्या. चुरा तर त्यांनी त्याच दिवशी बंद केला होता, पण उरलेलं पोतं तसंच होतं. मुलगी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाली, "आई, पाटी मी रंगवली आहे. म्हणजे खोटं माझ्या अक्षरात आहे."

त्याच दुपारी डॉक्टरबाई उरलेल्या कोंबड्या तपासायला आल्या. त्यांच्यामागून काकू आल्या, दोन्ही काखांत एकेक कोंबडी घेऊन.

"वहिनी, या दोन ठेव," काकू म्हणाल्या. "डॉक्टरबाई म्हणाल्या, या धडधाकट आहेत. तुझ्या पाच गेल्या ना माझ्यामुळे. मला काय माहीत गं, मी तर नीट बघून आणल्या होत्या."

वहिनींनी कोंबड्यांकडे पाहिलं. त्या पायरीवर बसल्याच.

"काकू, तुमच्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे गेल्या. मी त्यांना खारट चुरा घालत होते. पोतं आत आहे. डॉक्टरबाई, मी तुमच्याशी खोटं बोलले."

मुलगीच आत गेली आणि पोतं ओढत बाहेर घेऊन आली. डॉक्टरबाईंनी चिमूटभर चुरा जिभेवर ठेवला आणि थुंकला.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, वहिनी?" त्या म्हणाल्या. "मीठ काही वैरी नाही. कोंबडीला ते लागतंच, मिळालं नाही तर ती अंडी कमी देते. पण चांगल्या खाद्यात ते मोजून घातलेलं असतं. त्यावर तुम्ही घमेलंभर ओतलंत. जास्त मीठ पोटात गेलं की ती पाणी पीत सुटते, विष्ठा पातळ होते, भुसा सडतो, टरफल कच्चं राहतं. त्यात दिवसभर पाणी नाही! आपल्याला नुसतं खारट खाऊन कोंडून ठेवलं तर?"

"अंडी मी पुसून द्यायचे," वहिनी हळूच म्हणाल्या.

"ओल्या फडक्याने? टरफलावर एक नैसर्गिक थर असतो, तो निघून जातो आणि घाण आत शिरते. लोकांनी ती विश्वासाने खाल्ली."

वहिनींनी मान खाली घातली. कोंबड्या तशाच काखेत धरून काकू वळल्या आणि चालू लागल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी वहिनींना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी नमुन्यांचा निकाल आला, साथ नव्हतीच. मग वहिनी गल्लीत दारोदार फिरल्या. प्रत्येक दारात तेच सांगितलं : साथ नव्हती, चूक माझी होती, काकूंना बोललात ते परत घ्या. कुणी हसलं, कुणी दार लोटलं. मास्तर एवढंच म्हणाले, "चुकलात, पण स्वतः येऊन सांगितलंत." अंडी मात्र त्यांनीही महिनाभर घेतली नाहीत. वहिनींनी शेडमधला सगळा भुसा उपसला, कोरडा घातला, नळाला जाळी बसवली आणि दिवसातून दोनदा पाणी बघायचा नियम केला.

काकूंच्या दारात त्या सगळ्यात शेवटी गेल्या. काकू उंबऱ्यात आल्या. म्हणाल्या, "माझ्या सहा जणी तीन दिवस कोंडलेल्या होत्या. चल, त्यांना मोकळं कर आपल्या हाताने."

वहिनींनी खुराड्याची कडी काढली.

मंडळी, मुक्या जिवाला आपण काय घालतो ते तो सांगू शकत नाही, म्हणून ते आपणच खरं सांगायला हवं. जे आपल्याला नको झालं ते त्याला चालेल, हे कुणी ठरवलं? त्याचं खाणं शेवटी आपल्याच ताटात येतं. आणि स्वतःची चूक झाकली की ती नाहीशी होत नाही. ती एखाद्या निरपराध माणसाच्या दारात जाऊन बसते.