चादर उचलून धरणारी

"जरा रुंद वाकवा हो, दादा! आत लेकराला पाय हलवता यायला हवेत. आणि कडा अशा घासा, की तुमच्या लेकीच्या गालावर फिरवल्या तरी ओरखडा उमटू नये."

किती वर्षे लोटली, पण हा आवाज माझ्या लोखंडात अजून घुमतो. तो लहान मुलांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरचा होता. त्या स्वतः वेल्डरच्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या होत्या. वेल्डरदादा आधी कुरकुरले, मग त्यांनी सळया वाकवल्या, खाली पट्ट्या जोडल्या, कानस फिरवली आणि शेवटी पांढरा रंग दिला. रंग वाळल्यावर सिस्टरनी माझ्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "आता झाली माझी पोर."

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कमान आहे. दरवाजाची नव्हे, पुलाची नव्हे आणि कुठल्या पुढाऱ्याच्या स्वागताची तर मुळीच नव्हे. मी मुलांच्या कॉटवर बसते. ज्याचे पाय भाजले आहेत, ज्याच्या कातडीला कापडाचा स्पर्शही सोसत नाही, ज्याचे प्लास्टर अजून ओले आहे, त्याच्या पायांवर मला ठेवतात आणि चादर माझ्यावरून घालतात. चादरीचा भार माझा, ऊब त्याची. एवढेच माझे काम.

पण मुलांनी मला एवढ्यावर थोडेच सोडले! कुणी मला बोगदा केले, कुणी तंबू. एका मुलीने माझ्या सळईला रुमाल बांधून त्यामागे बाहुल्यांचा खेळ लावला, आणि डॉक्टर राऊंडला आले तेव्हा त्यांनाही आधी टाळ्या वाजवाव्या लागल्या, मगच तपासू दिले. सकाळी साफसफाईच्या मावशी औषधाच्या पाण्याने मला आंघोळ घालायच्या. फडके फिरवता फिरवता गुणगुणायच्या:

कमानीच्या खाली निजले दोन भाऊ,
उठा उठा पायांनो, अंगणात जाऊ.

ते ऐकून पाय उठत होते की नाही कोण जाणे, पण मुले मात्र उठत.

मी सांगते ती गोष्ट त्या दिवसांतली, जेव्हा खिडकीजवळच्या कॉटवर 'कप्तान' होता. त्याची मांडी मोडली होती. पाय दोरीने ताणलेला, दोरीला कॉटच्या पायथ्याशी वजन लटकलेले. तो म्हणायचा, "हा माझा नांगर आहे. जहाज बंदराला लागलंय." पलीकडे 'बॉक्सर'. त्याच्या अंगाला भयंकर खाज सुटायची. खाजवून खाजवून जखमा होऊ नयेत म्हणून सिस्टर त्याला जाड मलम फासायच्या आणि हातात सुती मोजे घालायच्या. मलम लावलेला बॉक्सर नुकत्याच रंगवलेल्या दारासारखा चकाकायचा. "हात लावू नका रे, ओला आहे!" असे कप्तान येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगायचा.

या दोघांच्या मधल्या कॉटवर एके दिवशी एक मुलगी आली, आणि मला तिच्या पायांवर ठेवले.

घरात आंघोळीचे कढत पाणी न्हाणीकडे नेताना तिच्या बाबांच्या हातातली बादली हिंदकळली होती. ही पळत आलेली त्यांना दिसली नाही. पाणी तिच्या उजव्या पायावर पडले, आणि गुडघ्याच्या मागची सगळी कातडी गेली. बाबा टेलर होते. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणारे आपले हात ते आता सारखे खिशात लपवत.

पहिल्या ड्रेसिंगला ती मुलगी किंचाळली. वॉर्ड दणाणला. बाबा उठून दाराबाहेर गेले. दार पुरते लागले नव्हते, आणि ते तिच्या कॉटच्या अगदी समोर होते. बाबा तिच्या आईला सांगत होते, "ती ओरडली ना, की माझा जीव जातो गं. माझ्या हातानं झालं हे. मी कसं ऐकू?" आणि मग ते मोठ्या माणसासारखे नाही, लहान मुलासारखे रडले.

मी ऐकले. तिनेही ऐकले.

त्या दिवसापासून ती कधी ओरडली नाही. सिस्टर बँडेजवर मिठाचे कोमट पाणी हळूहळू सोडत, ते भिजून सुटे होईपर्यंत वाट बघत, आणि विचारत, "दुखतंय का गं?"

"नाही दुखत."

भिंतीवर चेहऱ्यांची एक पट्टी होती. एका टोकाला खळखळून हसणारा चेहरा, दुसऱ्या टोकाला धाय मोकलून रडणारा. दुखणे शब्दांत सांगता येत नसेल तर मुलांनी बोट दाखवायचे. ही दरवेळी हसऱ्या चेहऱ्याकडे बोट दाखवायची. बाबांचा चेहरा उजळायचा. सगळे म्हणत, "किती शहाणी पोर!" आणि तिचे नावच 'शहाणी' पडले.

पण मित्रांनो, माझ्या पोटाखाली तिचे पाय होते. तिचे तोंड हसायचे तेव्हा तिच्या पायाची बोटे मुठीसारखी आवळून जायची. पायाच्या बोटांना खोटे बोलता येत नाही.

व्यायामाच्या ताई रोज यायच्या. तिचा गुडघा हळूहळू सरळ करायचा प्रयत्न करायच्या. ती हसत हसत पाय असा घट्ट धरायची, की तो ताईंना जराही हलवता यायचा नाही. वरून विचारायची, "ताई, तुम्ही जेवला नाहीत का आज?"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "ऑपरेशन करून लावलेली नवी कातडी आखडत चाललीय," ते म्हणाले. "पुढच्या राऊंडपर्यंत गुडघा सरळ व्हायला लागला नाही, तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. नाहीतर पाय असाच वाकडा राहील."

बाबांनी हे ऐकले, आणि जे त्यांच्या हातात होते ते केले. त्यांनी दुकानातल्या मऊ चिंध्यांची एक छोटीशी उशी शिवली. भेटायच्या वेळी चादर हळूच वर करून ती तिच्या गुडघ्याखाली सरकवली.

"बरं वाटतं का, राणी?"

"मस्त वाटतं, बाबा." आणि हे मात्र खरे होते. गुडघा वाकला की कातडीवरचा ताण सुटायचा. बाबा खूश, लेक खूश. माझ्यावर चादर पसरलेली, त्यामुळे खालची उशी कुणाला दिसेना. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी ड्रेसिंगसाठी चादर उचलली, आणि उशी दिसली. कप्तानाने शीळ घातली. बाबांचा रंग उडाला.

सिस्टरनी उशी हातात घेऊन फिरवून पाहिली. "शिवण सुरेख आहे हो. पण ती ठेवलीय भलत्या जागी."

"तिला आराम पडतो, सिस्टर..."

"तोच तर घोटाळा आहे, भाऊ. जिथे हिला आराम, तिथेच ही कातडी आखडते. तुम्ही टेलर आहात. आटणाऱ्या कापडाचं काय करता?"

"आधी भिजवतो. मग ताणून वाळवतो. नाहीतर शिवलेला कपडा पहिल्याच धुण्यात आखूड होतो." बोलता बोलता बाबा थांबले. त्यांनी लेकीच्या गुडघ्याकडे पाहिले. "अरे देवा! मी तर..."

"तुम्ही तर जीव लावलात. त्यात काय चुकलं?" सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी ती उशी गुडघ्याखालून काढून टाचेखाली ठेवली. "हं. इथे ठेवली की गुडघा सरळ राहतो. आता ही आमच्या बाजूनं काम करेल."

मग त्यांची नजर शहाणीच्या पायाच्या बोटांवर गेली. ती आवळलेली होती. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो हसत होता.

"दुखतंय?"

"नाही दुखत."

सिस्टर कॉटच्या कडेला टेकल्या. "भाऊ, एक बोलू? तुम्ही इथं असलात की हिला काहीच दुखत नाही. ही तुम्हाला जपतेय. आता माझी अडचण ऐका. दुखतंय किती ते हिनं सांगितलं, तर त्या मापानं औषध देता येतं. ही हसते, म्हणून औषध कमी पडतं. औषध कमी पडलं की ही पाय आवळून धरते. आणि आवळलेला पाय सरळ कसा करायचा?"

बॉक्सर खाजवायचाही थांबला.

इथे मी जरा थांबते, मित्रांनो. म्हातारी झाले, धाप लागते. आता नव्या हलक्या कमानी आल्या आहेत, त्यांची घडी होते. माझी होत नाही. मी सामानाच्या खोलीत उभी असते, एका मोडक्या चाकाच्या खुर्चीशेजारी. ती खुर्ची फार बडबडी आहे. रंगाचे पोपडे निघालेत, एका पट्टीला गंज चढलाय. मावशी मधूनच येऊन फडके मारून जातात. पण गर्दी झाली आणि नव्या कमानी संपल्या, की कुणीतरी म्हणते, "अरे, ती जुनी आहे ना, आणा तिला!" तेव्हा माझा रुबाब बघावा!

शहाणीचा पाय सरळ झाला का, असे तुम्ही विचाराल. झाला. दुसरे ऑपरेशन लागले नाही. ती या वॉर्डातून स्वतःच्या पायांनी गेली, आणि जाताना दारापर्यंत कप्तानाशी भांडत गेली. तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नका.

माझे मागणे एवढेच. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसा, गंज घासा, रंग द्या. आम्ही अजून भार घेऊ शकतो. आणि तुमच्या घरात, वर्गात, शेजारच्या कॉटवर कुणी कळ सोसत असेल, तर त्याला 'शहाणी मुलं रडत नाहीत' असे सांगू नका. त्याच्याजवळ बसा. कमान काय करते? दुखणे घालवत नाही. त्याच्यावर भार पडू देत नाही.

तर त्या सकाळी काय झाले, ते ऐका.

बाबा स्टूल ओढून कॉटला टेकून बसले. तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"राणी, त्या दिवशी बादली माझ्या हातात होती. मी घाईत होतो. तू आलीस ते मी पाहिलं नाही. तुझं काहीही चुकलं नाही."

ती चादरीकडे बघत राहिली.

"आणि मी त्या दिवशी बाहेर जाऊन रडलो, ते तू ऐकलंस ना?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"आता मी बाहेर जाणार नाही. रडू आलं तर इथंच रडेन."

"बिनधास्त रडा, काका," कप्तान आपल्या जहाजावरून म्हणाला. "इथं सगळे रडतात. मी तर सुई दिसायच्या आधीच सुरुवात करून ठेवतो."

"हा तर स्वप्नातपण रडतो," बॉक्सर म्हणाला.

"ए मलम, गप रे!"

शहाणीला हसू आले. या वेळी तिच्या पायाची बोटेही सैल होती.

व्यायामाच्या ताई आल्या. त्यांनी एक तळवा तिच्या टाचेखाली घेतला, दुसरा गुडघ्यावर ठेवला. "तू थांब म्हणालीस की मी थांबेन. शब्द देते."

पाय हळूहळू सरळ होऊ लागला. कातडी ताणली गेली. बोटे पुन्हा आवळली. शहाणीचा मोकळा हात सवयीने भिंतीवरच्या हसऱ्या चेहऱ्याकडे उचलला गेला.

तिने बाबांकडे पाहिले. त्यांचे डोळे भरले होते, गालावरून पाणी ओघळत होते. पण ते स्टुलावरून हलले नव्हते. उचललेला हात तसाच थांबला.

"थांबा, ताई! थांबा ना! दुखतंय!" तिचा आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "बाबा, खूप दुखतंय... पहिल्या दिवसापासून दुखतंय!"