चाळीस टक्क्यांच्या नियमाचे जनक

शनिवार पेठेतल्या त्या शाळेत नियमांचा तुटवडा कधीच नव्हता. तरी गोपाळकृष्ण दातारांनी पालक-शिक्षक संघाच्या सभेत उभं राहून आणखी एक सुचवला, आणि तो चहा यायच्या आत मंजूरही झाला. घटक चाचणीत ज्याला एखाद्याही विषयात चाळीस टक्क्यांहून कमी, त्यानं खेळ, नाटक, गाणं यांतलं काही करायचं नाही. आधी अभ्यास, मग बाकी सगळं! टाळ्या पडल्या. दातारांची हयात विमा विकण्यात गेलेली. त्यांना पाहून लोक रस्ता ओलांडतात, टाळ्या वाजवत नाहीत. त्यामुळे ते जरा जास्तच वेळ उभे राहिले.

आता दातार काही शिक्षणाच्या तळमळीनं उठले नव्हते. त्यांची मुलगी कादंबरी तिथंच दहावीत. अभ्यासात वर्गात पहिली, त्यामुळे तिथून आणखी काही पदरात पडण्यासारखं नव्हतं. राहता राहिले खेळाचे वाढीव गुण. जिल्ह्यात शाळेचा क्रमांक आला की दहावीच्या निकालात भर पडते, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. अडचण एकच, मुलींच्या खो-खो संघात जागा नव्हती. पण संघातल्या रुपाली भोयरचं गणित कच्चं आहे, हे कादंबरी कधीतरी जेवताना बोलून गेली होती. विमेवाल्याचा कान तो! ऐकलेलं वाया जात नाही.

नियम लागू झाला आणि रुपाली पहिल्याच चाचणीत गळाली. वर्ध्याहून आलेली ही पोरगी मैदानात अशी हुलकावणी द्यायची की पकडणारीच खांबाला धडकायची. तिच्या जागी कादंबरी आली. दातारांनी त्या दिवशी बुधवार पेठेत जाऊन गणपतीला नारळ फोडला. मोठा नव्हे, मध्यम.

दोन आठवडे गेले.

"काय गं, सराव कसा चाललाय?" दातारांनी जेवताना विचारलं.

"मस्त. रोज हरतोय."

"सरावात कुणाशी हरता?"

"आठवीच्या मुलींशी."

दातारांचा घास हातातच राहिला.

"बाबा, रुपालीला परत घ्यायला हवं."

"नियम म्हणजे नियम."

"पण तो तुम्हीच केलाय ना?"

"म्हणूनच."

पुढच्या आठवड्यात इतिहासाची चाचणी झाली. कादंबरीला वीसपैकी चार मिळाले. दातारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चारच.

"अर्ध्याहून जास्त पेपर कोरा दिला," कादंबरीनं शांतपणे सांगितलं.

"कोरा? मुद्दाम?"

"तुम्हीच हिशेब करा. रुपाली नाही, म्हणजे पहिल्या सामन्यात घरी. घरी, म्हणजे क्रमांक नाही. क्रमांक नाही, म्हणजे तुमचे ते वाढीव गुण नाहीत. मग मी उन्हात कशाला पळू? तुम्हाला सांगून पाहिलं. पण स्वतःची मुलगी अडकल्याशिवाय तुम्ही काही शाळेची पायरी चढणार नव्हतात."

दातारांच्या पत्नी सुनीतीबाई ताक घुसळत होत्या. त्यांची रवी थांबली. "अहो, मुलगी अगदी तुमच्यावर गेलीय हो," त्या म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, शिकून सुधारेल."

दुसऱ्या दिवशी दातार मुख्याध्यापिका सोहोनी बाईंच्या समोर बसले होते. येण्याआधी त्यांनी खेळाच्या आनंद सरांना फोन करून एक गोष्ट विचारून घेतली होती. राखीव खेळाडूलाही प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे रुपाली परत आली आणि कादंबरी राखीव बसली, तरी फारसं नुकसान नव्हतं. तरीही आधी कमी खर्चाचा मार्ग पाहावा म्हणून ते म्हणाले, "बाई, कादंबरीची विशेष बाब म्हणून विचार करता येईल का? हुशार मुलीचासुद्धा एखादा दिवस वाईट असतो."

"असतो ना. रुपालीचाही असतो."

"हो, पण तिचे जरा जास्त असतात."

सोहोनी बाई नुसत्या बघत राहिल्या. पुण्यात मुख्याध्यापिका व्हायचं तर हे असं बघणं यावंच लागतं. दातारांनी घसा खाकरला.

"मग असं करा. जे नापास झाले त्यांची फेरपरीक्षा घ्या. पास झाले की खेळू द्या. सगळ्यांनाच."

"उत्तम सूचना! आता आपल्या संघाची रीत तुम्ही जाणताच. सूचना ज्याची, काम त्याचं. रुपालीला गणित कोण शिकवणार?"

"शिक्षक आहेत की तुमचे."

"आहेत. ते सध्या तुमच्या मागच्या सूचनेपायी चाचण्या तपासत बसलेत."

अशा रीतीनं गोपाळकृष्ण दातारांच्या जेवणाच्या टेबलावर रोज संध्याकाळी बीजगणित मांडलं जाऊ लागलं. कादंबरीनं शेजारी बसून इतिहास एका बैठकीत संपवला आणि ती गंमत बघायला मोकळी झाली.

"दोन्ही बाजूंना सारखंच करायचं, हे समजलं काका," रुपाली म्हणाली. "पण दोन्हीकडे सारखंच करायचं, तं मंग करायचंच काऊन?"

दातार समजावू लागले. आवाज चढला, हातवारे सुरू झाले, भविष्याची भीती दाखवून झाली.

"अहो, तिला पॉलिसी विकताय का?" सुनीतीबाई आतून म्हणाल्या. "सावकाश सांगा. ती पळून नाही जायची."

"जाईन बी, काकू," रुपाली म्हणाली. "अन् काकांच्या हाती लागणार नाही."

त्यावर दातार पहिल्यांदा मनापासून हसले, आणि पाटी कोरी करून पहिल्यापासून सुरुवात केली. मग हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. दातार कचेरीत बसल्या बसल्या समीकरणं रचू लागले. ग्राहकाला हप्ता सांगताना मध्येच थांबून 'हे उदाहरण रुपालीला जमेल' असं पुटपुटू लागले. एकदा तिनं एक गणित त्यांच्या आधी सोडवलं, तर त्यांनी शेजारच्या रंगनाथरावांना जिन्यात गाठून ते तोंडी सांगितलं. रंगनाथरावांना दूध नासण्याआधी घरी जायचं होतं.

फेरपरीक्षेत कादंबरी पास झाली, त्यात काही विशेष नव्हतं. रुपालीही पास झाली. शनिवारी जिल्ह्याच्या मैदानात ती अशी पळाली की समोरच्या संघाचे मार्गदर्शक शेवटी बाकावर बसून वारा घेऊ लागले. शाळेचा दुसरा क्रमांक आला. राखीव कादंबरीचा ओरडून ओरडून घसा बसला.

सोमवारी सकाळी दातार शाळेत हजर. सोहोनी बाईंनी त्यांना दारातच पाहिलं आणि ते कशासाठी आले ते ओळखलं.

"या. प्रमाणपत्रं अजून यायची आहेत हो. कादंबरीचंही येईल, काळजी नको."

"ते राहू द्या," दातार म्हणाले आणि न सांगता खुर्ची ओढून बसले. "गणिताच्या बाईंना बोलवा आधी. रुपालीला वीसपैकी नऊच? तिसऱ्या गणितात तिच्या सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत, फक्त शेवटची बेरीज चुकली. पायऱ्यांचे गुण गेले कुठे?"

"पण दातार, ती पास झालीय. आठ पुरेसे होते."

"पुरेसे?" दातार खुर्चीतून ताडकन उठले. "बाई, माझी विद्यार्थिनी आहे ती!"