अंगणातली कोरडी जागा

"आडा, बाहेर ये. पाणी लागलं."

उझोआमाका हात पुसतच अंगणात आली. थोरली लेक म्हणून तिला सगळे आडाच म्हणत. आईच्या थडग्याशेजारी बाबांसाठी खणलेल्या खड्ड्यात घोटाभर तांबूस पाणी साचलं होतं.

"बघितलंस?" बाबांचे धाकटे भाऊ एडेकाका म्हणाले. "जमीन दादाला घ्यायला तयार नाही. टेकडीवर चर्चच्या दफनभूमीत नेऊ."

"स्वतःचं अंगण असताना? बेवारशासारखं?"

"मग काय, पाण्यात सोडू त्याला?"

एनुगूच्या डोंगरात पावसाचं पाणी वाळूच्या दगडातून मुरतं आणि खाली कोळशाशी येऊन साठतं. बाबा खाणीत पंपावर होते. पंप चालत होते तोवर गावाखालचं पाणी खोल राहिलं. आई गेली तेव्हा हीच जमीन ठणठणीत कोरडी होती. पुढे खाण बंद पडली, पंप थांबले आणि पाणी आपल्या जुन्या जागी परत येऊ लागलं. हे तिला ठाऊक होतं. पण शवपेटी ओसरीवर होती, माणसं जमू लागली होती, आणि ठाऊक असून खड्डा काही कोरडा होत नव्हता.

बाबांचे पंपावरचे जोडीदार आनेके काठी टेकत आले. त्यांनी वाकून खड्ड्यात पाहिलं आणि चक्क हसले.

"घ्या! जन्मभर आमच्याकडून पाणी उपसून घेतलं, मेला तरी पिच्छा सोडत नाही."

"काका, आज थट्टा नको ना."

"थट्टा कुठली, पोरी? फावडी आण. आणि एडे, नुसतं तोंड काय चालवतोस? टोपी काढ, खाली उतर."

खाणीत काम करायच्या जागी पाणी उपसत बसत नाहीत. वरच्या अंगाला जास्त खोल खड्डा घेतात, म्हणजे पाणी आधी तिकडे उतरतं. आनेक्यांनी डोंगराच्या बाजूला तसाच खड्डा खणायला लावला. एडेकाका त्यात डोकं दिसेनासं होईपर्यंत खाली गेले. बादल्या हातोहात वर येऊ लागल्या. हळूहळू बाबांच्या खड्ड्यातलं पाणी ओसरलं. बायकांनी तळाशी सुकी वाळू पसरली.

"हात थांबला की पुन्हा भरेल," एडेकाका खालून ओरडले.

"मग थांबू नकोस!"

पाद्रीबाबांनी बादल्यांच्या आवाजावर आवाज चढवून प्रार्थना म्हटली. पेटी कोरड्या वाळूवर टेकली. आडाने पहिली मूठ माती टाकली.

"काका, रात्रीत पाणी येणारच ना?" तिने हळूच विचारलं.

"येणार की. त्याला कोण अडवतंय?" आनेके म्हणाले. "पण माणूस निजायला जाताना अंथरूण कोरडं हवं."

बाबांचा खड्डा बुजला. माती थोपटून झाली. पाहुणे जेवायला बसले, ताडीचे पेले फिरू लागले. आडाने अंगणातून हाक दिली, "काका, पुरे आता. चला, जेवून घ्या."

"आलोच," आनेके म्हणाले आणि रिकामी बादली खाली दिली. एडेकाकांनी ती भरून वर दिली.