सत्काराची चादर, पांघरायची नव्हे

मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. आणि बालमित्रांनो, तोंडावर सांगते, अख्ख्या सोलापुरात माझ्याएवढी मानाची चादर दुसरी नाही. मी खांद्यावर पडले की टाळ्या वाजतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी मी पेपरात असते. माझ्या बहिणी कुणाच्या रुखवतात गेल्या, कुणी लॉजवर गेल्या, एक तर ट्रकच्या केबिनमध्ये गेली. मी मात्र थेट पुढाऱ्याच्या ऑफिसात गेले.

आता खरंही सांगते. फोटो निघेपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ मी खांद्यावर असते. माझ्या कोपऱ्यावरचं किमतीचं लेबल अजून निघालेलं नाही. मला पांघरून आजवर एक माणूस झोपलेला नाही. चादरीच्या जातीला याहून मोठी शरम नाही.

माझा जन्म शहराच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात झाला. मागांचा खडखडाट असा, की तिथं काम करणाऱ्याला पगाराआधी बहिरेपण मिळतं. माझ्या अंगावर मोर विणला. घडी घालायला बसम्मा नावाची बाई होती. घडी घालताना ती प्रत्येक चादरीशी बोलायची. मला पाठीवर थोपटून म्हणाली, "जा गं बाई. कुणाला तरी ऊब दे. एवढंच तुझं काम हाय."

एवढंच माझं काम होतं, मित्रांनो. एवढंच.

शिवराजदादांच्या ऑफिसनं मला विकत घेतलं. दादा म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. मुंबईहून एक मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी मी आले. पाहुणे आले नाहीत. मी कपाटात ट्रॉफ्यांच्या शेजारी पडून राहिले. कपाटाबाहेर दोन माणसं कायम असायची. एक प्रदीप, दादांचा पीए. प्रेस बोलावणं, पत्रकार कुठं बसवायचे ते ठरवणं आणि दादांना अवघड प्रश्नापासून वाचवणं, ही त्याची कामं. दुसरे पंचाक्षरी. त्यांचं काम सूत्रसंचालनाचं. आयुष्यभर माग चालवल्यामुळं त्यांचा एक कान पार गेला होता आणि दुसरा जाण्याच्या मार्गावर होता. पण आवाज काय! माईक नसला तरी चालायचं.

मग ती पहिली प्रेस, म्हणजे पत्रकार परिषद, आली. दादांनी आदल्या आठवड्यात नव्या पाईपलाईनचा नारळ फोडला होता. मला सहज म्हणून टेबलावर ठेवलं होतं, शोभेला. सगळे पत्रकार उपमा खात होते. तेवढ्यात बुद्धप्रिया उठली. ती एका छोट्या पेपरात काम करते आणि मोबाईलवर स्वतःचं चॅनेल चालवते. तिनं पर्समधून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आत पाणी होतं, पण त्याला पाणी म्हणायला धाडस लागलं असतं.

"दादा, हे आमच्या गल्लीतल्या नळाचं पाणी हाय. माझी आई रोज गाळून, उकळून हेच पिती. ड्रेनेजची लाईन फुटून पाण्याच्या लाईनीत शिरलीय. तुमी नारळ तर फोडला. पाईप कधी येणार?"

दादांनी प्रदीपकडं पाहिलं. प्रदीपला घाम फुटला. काहीतरी बोलायचं म्हणून तो ओरडला, "आरं, पाणी द्या की पत्रकारांना! पाणी द्या!"

पंचाक्षरींना ऐकू आलं, "मान द्या."

मान द्यायचा म्हणजे त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. त्यांनी मला उचललं, झेप घेतली आणि बुद्धप्रियाच्या खांद्यावर टाकलं. "सोलापूरच्या पत्रकारितेतली धगधगती मशाल! निर्भीड, निःपक्ष, नि... नि... आणि आपल्या सगळ्यांच्या लाडक्या बुद्धप्रियाताई यांचा दादांच्या हस्ते सत्कार! जोरदार टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडं सत्कार म्हटला की हात आपोआप वाजतात. फोटोग्राफर पुढं धावले. कुणाच्या तरी कोपरानं ती बाटली आडवी झाली. टाळ्या थांबल्या तेव्हा प्रश्न कुठं गेला होता, ते कुणालाच आठवेना. दादा उठून गेलेही होते.

त्या दिवशी प्रदीप खूप वेळ माझ्याकडं बघत बसला. मग पंचाक्षरींच्या चांगल्या कानात म्हणाला, "मामा, तुमी बहिरे न्हाय. तुमी देव हाय."

"हौद्री," पंचाक्षरी म्हणाले. ते कानडी वळणाचं 'हो' होतं. त्यांना नक्की काय ऐकू आलं होतं, ते मला माहीत नाही.

तिथून माझी नोकरी सुरू झाली. ऑफिसच्या लोकांनी मोबाईलवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'भजनी मंडळ', म्हणजे कुणाला संशय नको. प्रेसच्या आधी ग्रुपवर ठरायचं. पहिला प्रश्न हरिबांनी विचारायचा. हरिबा म्हणजे सगळ्यात जुने पत्रकार. उपम्यावर शेव जास्त मिळाली की त्यांचं पोट भरायचं आणि पोट भरलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. "दादा, एवढं काम करता, थकत कसं न्हाय वो?" यावर दादा अर्धा तास बोलायचे. तरीही कुणी अवघड विचारलंच, तर प्रदीपनं म्हणायचं, "पाणी द्या." मग पंचाक्षरी, मग मी, मग टाळ्या. बाहेर पडताना प्रदीप दारात उभा असायचा. "द्या साहेब, पॅक करून घरी पाठवतो." मी कुणाच्याही घरी गेले नाही. मी कपाटात जायचे.

गमती काय कमी झाल्या? एकदा प्रदीपला खरीच तहान लागली. तो नुसता "पाणी द्या रे" म्हणाला. पंचाक्षरींनी समोर दिसला त्या माणसाचा सत्कार केला. तो एसी दुरुस्त करायला आला होता. बिचारा स्टुलावरून उतरून रडायला लागला. म्हणाला, "माझ्या सासऱ्याला दाखवायला फोटो पाठवा." तेव्हापासून प्रदीप प्रेसला येताना घरूनच पाणी पिऊन यायचा. एकदा दादांनी भाषणात "आमी जनतेला पाणी द्यायला बांधील हाय" असं म्हटलं आणि दादांचाच सत्कार झाला. दादांना ते आवडलं.

हसू नका, मित्रांनो. निदान मी तरी आता हसत नाही.

कारण बुद्धप्रिया दर प्रेसला यायची. तोच प्रश्न घेऊन. आणि दर वेळी मी तिच्या अंगावर पडायचे. चादर अंगावर पडली की तिला माणसाचं काळीज ऐकू येतं. इतरांचं काळीज मी खांद्यावर पडले की फुगायचं. तिचं रागानं धडधडायचं. ती मला झटकायला बघायची, पण टाळ्या वाजवणारी माणसं तिला चारही बाजूंनी धरून उभी असायची. एकदा ती हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "तुझा काय दोष गं. तू चादर हायस." तेवढ्यानं मला वाटलं, आपण फाटून जावं.

मग तिची आई आजारी पडली. मीनाबाई. आधी उलट्या, जुलाब, मग ताप. दवाखान्यात ठेवलं. त्या गल्लीतल्या आणखी दोन-चार बायकाही तिथंच होत्या. बातमी बाहेर फुटली तसं भजनी मंडळात धावपळ झाली. प्रदीपनं लिहिलं, "दादा स्वतः विचारपूस करायला जाणार. प्रेस वॉर्डातच घेऊ. आजाऱ्याजवळ कोण भांडत न्हाय. चादर घ्या."

मी गेले. प्रदीपच्या काखेत.

वॉर्डात सगळे दाटीनं उभे राहिले. दादांनी खाटेजवळ उभं राहून चेहरा गंभीर केला. मीनाबाई थंडीनं कुडकुडत होत्या. दवाखान्याचं पांघरूण पातळ होतं, त्यातून गुडघे दिसत होते. पायाशी बुद्धप्रिया बसली होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान फिरवली. हरिबांनी ठरल्याप्रमाणं विचारलं, "दादा, एवढ्या धावपळीत पेशंटला भेटायला वेळ कसा काढता वो?" दादा बोलू लागले.

दादा बोलत असताना मीनाबाईंनी डोळे उघडले. ओठ सुकले होते. अगदी हळू म्हणाल्या, "पाणी... पाणी द्या की गं."

ते कुणाला ऐकू आलं नसतं. पण पंचाक्षरी खाटेच्या उशाशी होते. चांगला कान खाटेकडं होता. एवढ्या दिवसांच्या सवयीचा तो कान.

"सोलापूरच्या ज्येष्ठ... ज्येष्ठ रुग्ण मीनाबाई यांचा दादांच्या हस्ते सत्कार! जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या वाजल्या, मित्रांनो. वॉर्डात. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सलाईनच्या हातानं टाळी वाजवली. कॅमेरे चमकले. आणि मी मीनाबाईंच्या अंगावर पडले.

ते अंग तापानं फणफणलेलं होतं आणि तरीही गारठलेलं होतं. मी पसरले. बसम्मानं सांगितलं होतं ते काम मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा करत होते. मोर मीनाबाईंच्या छातीवर आला. त्यांचं कुडकुडणं हळूहळू थांबलं. त्यांनी माझी कड मुठीत धरली आणि म्हणाल्या, "लई ऊब हाय गं पोरी हिला."

बुद्धप्रियानं आईच्या तोंडाला फुलपात्र लावलं. मग ती उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "दादा, आता तरी सांगा. पाईप कधी येणार?"

दादांनी प्रदीपकडं पाहिलं. प्रदीप माझ्याकडं बघत होता. मी तर मीनाबाईंच्या अंगावर होते. दुसरी चादर आणलेली नव्हती.

"पाणी द्या," प्रदीप म्हणाला. मग मोठ्यानं, "मामा, पाणी द्या!"

पंचाक्षरींनी मला मीनाबाईंच्या अंगावरून ओढलं. मूठ सुटेना, म्हणून दोनदा ओढलं. माझी कड उसवली, मग मूठ सुटली. आणि मला बुद्धप्रियाच्या खांद्यावर टाकून ते गरजले, "धगधगती मशाल..."

टाळ्या वाजल्या. दादा निघून गेले. बुद्धप्रिया जागच्या जागी उभी होती. तिचं काळीज या वेळी धडधडत नव्हतं. अगदी शांत होतं. तेच मला सहन झालं नाही.

तिनं मला खांद्यावरून काढलं, आईला पांघरलं आणि चारही बाजूंनी खोचलं. प्रदीप मागं रेंगाळत होता.

"ताई, ती चादर तेवढी..."

"राहू द्या की वो. थंडी वाजतीय तिला."

"व्हय ताई, कळतंय की. पण ही सत्काराची हाय. पांघरायची न्हाय. तुमाला पॅक करून पाठवतो."

"किती वर्षं पॅक करताय वो तुमी?" बुद्धप्रिया म्हणाली.

आता प्रदीपला वाचवायला कुणीतरी 'पाणी द्या' म्हणायला हवं होतं. त्यानं मला उचललं, घडी घातली. मीनाबाईंचे डोळे मिटलेले होते, पण बोटं गादीवर काहीतरी शोधत होती. मी काखेतून पाहिलं. दारापर्यंत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भजनी मंडळात बातमी आली. मीनाबाई गेल्या. कुणी हात जोडलेलं चित्र टाकलं. कुणी फूल टाकलं. दादांच्या नावानं शोकसंदेश गेला, त्यात मीनाबाईंचं आडनाव चुकलं होतं. मग प्रदीपनं लिहिलं, "पुढच्या प्रेसला हा विषय निघणार. चादरीला दवाखान्याचा वास येतोय. धुवून ठेवा."

मला आयुष्यात पहिल्यांदा धुतलं. ऑफिसच्या मागच्या नळावर. ऑफिसची लाईनही तीच, ड्रेनेज शिरलेली आहे, मित्रांनो. आतली माणसं बाटलीचं पितात, म्हणून त्यांना माहीत नाही.

तुम्ही लहान आहात. तुमच्या घरीही एखादी चादर घडी घालून कपाटात ठेवली असेल, पाहुण्यांसाठी, मानासाठी. तिला बाहेर काढा. घरात कुणाला तरी थंडी वाजत असेलच. त्याला पांघरा आणि सकाळ होईपर्यंत काढून घेऊ नका. आणि कुणी पाणी मागितलं तर त्याला पाणीच द्या. माझं एवढंच मागणं आहे. आमच्या ऑफिसात हे कुणी ऐकेल असं मला वाटत नाही. तुम्ही ऐकाल म्हणून सांगते.

काल प्रेस झाली. बुद्धप्रियाची खुर्ची रिकामी होती. घरी आईसाठी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या बौद्ध वंदनेचा, कार्यक्रम होता. त्या खुर्चीवर प्रदीपनं पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स ठेवला होता. कुणी काही विचारलं नाही. तरी चादर आणलीच आहे म्हणून हरिबांचा सत्कार केला. मी त्यांच्या खांद्यावर पडले. हरिबांनी नाक आकसलं, माझा पदर हुंगला आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रश्न विचारला, "दादा, हा वास कसला येतोय वो?"

"पाणी द्या," प्रदीप म्हणाला.

मी आधीच हरिबांच्या अंगावर होते. पंचाक्षरींनी मला काढलं आणि पुन्हा घातलं. टाळ्या झाल्या.