रुस्मिराह कोण?

“बू आत्मो, अहो बू आत्मो! आवरलं का?”

कुंपणापाशी समोरच्या बू जियो उभ्या होत्या. काखेत तांदळाची परडी, डोक्यावरची ओढणी अजून नीट बसवायची होती. “मशिदीतनं आत्ता कुणी गेल्याचं पुकारलं बघा. रुस्मिराह म्हणे. आपल्याच गल्लीतली. मला मेलीला कोणी आठवेना. म्हटलं, तुम्हाला ठाऊक असेल, तुमच्याबरोबरच भेटून येऊ.”

दार मी उघडलं.

“वेनिंग? तू कधी आलीस जोग्याहून? आई कुठाय?”

मी नुसती बाजूला झाले. आतल्या खोलीत आईला बतिकच्या कापडानं झाकून ठेवलं होतं. बू जियोंनी कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परडी कलली आणि तांदूळ उंबऱ्यावर सांडले. छत्तीस वर्षं समोरासमोर राहून त्यांना आईचं नाव ठाऊक नव्हतं.

मशिदीत चिठ्ठी मी दिली होती. तिच्यावर फक्त रुस्मिराह लिहिलं होतं. नवऱ्याचं नाव नाही, काही नाही. एकदा तरी तिला तिच्या नावानं निरोप द्यावा, एवढंच माझ्या मनात होतं.

वडिलांचे थोरले भाऊ, माझे पाकदे, तासाभरात तणतणत आले. “कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? दारात चार माणसं नाहीत. लोक आपापल्या ओट्यावर बसून एकमेकांना विचारतायत, ही रुस्मिराह कोण!”

“तिचं नाव आहे ते, पाकदे.”

“नाव असेल गं. पण त्या नावानं कधी कुणी हाक मारली? लग्न झालं त्या दिवसापासून ती बू आत्मो, आत्मोची बायको.”

“तुमचा भाऊ सेमारंगला दुसरा संसार मांडून बसला, त्याला एकोणीस वर्षं झाली.”

“तो बसला. नाव इथंच राहिलं ना?”

खरं तर मला बोलायचा अधिकारच नव्हता.

मी जोग्याच्या विद्यापीठात शिकवते. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या जावामधल्या बायका हा माझा विषय. जुन्या दप्तरांत त्या सापडतात त्या अशाच: अमक्याची बायको, तमक्याची विधवा. आई सोलोच्या जुन्या पोथ्यांच्या ग्रंथालयात टंकलेखक होती. जुनी जावानी अक्षरं वाचून ती रोमन लिपीत उतरवायची. हुद्दा टंकलेखकाचा, वाचणारी मात्र तिच्यासारखी दुसरी नव्हती. एकदा एका देमांगाच्या, म्हणजे परगण्याच्या अंमलदाराच्या, घरातली पोथी तिच्या हातात आली. सूचीत ‘कवी: देमांग’ असं लिहिलेलं. त्या दिवशी आईनं उतरवलेले कागद घरी आणून मला जेवणावरून उठवलं.

“शेवट बघू नकोस,” ती ओळींच्या सुरुवातीवरून बोट खाली नेत म्हणाली, “डोकी वाच.”

पि. ना. तुन. ओळींच्या पहिल्या अक्षरांत आपलं नाव दडवायची आमच्याकडे रीतच आहे. कविता देमांगाची नव्हती, त्याच्या बायकोची होती.

“बिचारी,” आई म्हणाली. “घरात कुणी हाक मारत नसणार, म्हणून इथं येऊन बसली.”

त्या शोधावर मी निबंध लिहिला. पिनातुनचं नाव मी तीन देशांत जाऊन सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत आभार होते: लिप्यंतर, श्रीमती आत्मो. वडीलधाऱ्यांचं नुसतं नाव घेऊ नये, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की दुसरं काही लिहिता येईल असं मनातही आलं नाही. आईनं चष्मा लावून ती ओळ वाचली. कागद बराच वेळ तिच्या मांडीवर होता. मग म्हणाली, “छपाई स्वच्छ आहे.”

मागच्या वर्षी मला ती ओळ पुन्हा दिसली. दुरुस्तीचं पत्र मी लिहिलं, पण पाठवलं नाही. म्हटलं, पुस्तक निघेल तेव्हा नीट करू.

पाकदे अजून दारात उभे होते. आईला माणसं आवडायची. कुणी आलं की चहा टाकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिच्या शेवटच्या दिवशी घर रिकामं ठेवून मी कुणाचा हट्ट पुरवत होते?

“पुन्हा पुकारायला सांगा,” मी म्हटलं. “बू आत्मो म्हणून.”

दहा मिनिटांत गल्ली भरली. “अगं, बू आत्मो म्हणून सांगायचं की! मी मेली कोबी चिरत बसले!” एकीनं मला कुशीत घेत रागे भरलं. स्वयंपाकघराचा ताबा बायकांनी घेतला. कुणी मोगऱ्याचे सर ओवायला बसलं. ताटी उचलल्यावर मी रीतीप्रमाणे तीनदा तिच्याखालून वाकून गेले. बाहेर दीडशे माणसं असतील. सगळी बू आत्मोंसाठी रडत होती.

माती ओढून झाली. मोदिन साबर थडग्याच्या उशाशी उकिडवे बसले. मेलेल्या माणसाला हाक मारून, थडग्यात देवदूत प्रश्न विचारायला आले की काय उत्तर द्यायचं ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“इथं आत्मो चालायचं नाही, पोरी. देवदूत नवऱ्याला ओळखत नाहीत. तिचं नाव सांग.”

“रुस्मिराह.” आयुष्यात पहिल्यांदा मी ते तोंडानं उच्चारलं.

“आणि तिच्या आईचं?”

आजीला आम्ही म्बाह कार्तो म्हणायचो. कार्तो आजोबांचं नाव. आजीची दातांवर घासायची तंबाखू मला आठवली, कानांच्या लोंबलेल्या पाळ्या आठवल्या, केळीच्या पानात बांधलेला तिचा भात आठवला. मी पाकद्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ते नाव फक्त एका माणसाला ठाऊक असणार होतं, आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं.

मोदिन माझ्याकडे झुकले.

“असू दे,” ते अगदी हळू, मलाच ऐकू येईल असं म्हणाले. “आईचं नाव कुणालाच ठाऊक नसलं तर पहिल्या आईचं, हव्वाचं घेतात.”

मग ते मातीकडे वाकले.

“रुस्मिराह, हव्वाच्या लेकी...”

हाक त्यांनी तीनदा मारली. तिसऱ्या हाकेनंतर ते तसेच मातीकडे वाकून राहिले, आतून ओ येण्याची वाट पाहावी तसे.